चमच्याचा ताल

टिकाराम : तसा नको जी, कंपोंडरसाहेब. तसा हळू त तुमी नव्या पोट्ट्यांसाठी वाजवता. माह्यासाठी जोरात वाजवा.

लक्ष्मणराव : हळू अन् जोरात असं काही नसते, टिकारामजी. एका ठोक्याला पाय स्टुलावर, दुसऱ्या ठोक्याला खाली. तीन मिनिटं. तेवीस वर्षं झाली मला या दवाखान्यात चमचा ट्रेवर वाजवताना.

टिकाराम : अन् अठरा वर्सं मी आयकून राहिलो. पोट्टा नवा आला, घाबरला, का तुमचा चमचा कसा भरल्या बंडीवानी हळू चालते, सारी खदान जानते. त्याची नाडी चढू नाही म्हून. मी काही खोटं लिहाले सांगून नाही राहिलो. चमचा त तुमच्याच हातात आहे ना?

लक्ष्मणराव : लोक इथं फिट व्हायला येतात. नाडी कमी यावी म्हणून सकाळचा चहा सोडून येतात. तुमचं उलटंच. थांबा, दार लोटतो... हं, बोला. पाहिजे काय तुम्हाला?

टिकाराम : अनफिट.

लक्ष्मणराव : हळू बोला.

टिकाराम : तुमच्या रजिस्टरात माहा जन्म चोवीस सालचा आहे. येत्या एप्रिलात पंचावन भरते. त्याच्या आत मानूस अनफिट झाला, त त्याची जागा पोराले भेटते. पंचावन भरले का मानूसबी घरी अन् जागाबी गेली. हा माहा आखरीचा मेडिकल आहे, साहेब. आज नाही झालं त कधीच नाही.

लक्ष्मणराव : म्हणजे खुशालसाठी.

टिकाराम : खुशालसाठी. तो तिकडे करडीले मामाच्या धानात राबते. मामाचं वावर, मामाचं घर. तेवीस वर्साचा झाला. त्याच्या नावानं काही असावं असं मले वाटते.

लक्ष्मणराव : पण खदान? तुम्ही खाली टेकूची लाकडं लावता. खाली काय असते ते तुम्हाला सांगायला पाहिजे का?

टिकाराम : मालूम आहे. म्हून त निघू पाहतो. सात टप्पे शिडी आहे, साहेब. पाच वर्सांआंधी मी एका दमात वर येऊ. आता तिसऱ्या टप्प्यावर शिडीले मिठी मारून उभा राहतो. डोळ्यासमोर अंधार येते. पोट्टे बाजूनं वर जातात, म्हनतात, काका, जागा द्या. त्याईतला इश्वर एकटा मांगं थांबते माह्यासाठी. तो काही बोलत नाही, बूट बांधल्यासारखं करते.

लक्ष्मणराव : हे डॉक्टरला सांगितलं?

टिकाराम : डॉक्टर मंगळवारी येते, आकडा पाहते, सही करते. त्याले मानूस कुठं पाहाचा आहे? म्हून मी आज नाल्यापासून पळत आलो. दिल चांगलं खवळलं पाहिजे. आता तुमी चमचा जोरात वाजवा, मी जोरात चढतो. जे येईन ते येईन.

लक्ष्मणराव : जे येईल तेच मी लिहीन. हे आधी सांगून ठेवतो.

टिकाराम : तेच लिहा.

लक्ष्मणराव : बनियान काढा. चप्पल काढा. उजवा पाय आधी. चला... चढा. उतरा. चढा. उतरा. हात कमरेवर नका ठेवू. चढा.

टिकाराम : आनखी जोरात.

लक्ष्मणराव : बोलू नका. एक मिनिट झालं... चढा. उतरा. दोन. टिकारामजी, थांबायचं असेल तर थांबा.

टिकाराम : वाजवा.

लक्ष्मणराव : चढा. उतरा. झालं. बसा, बसा, खाली बसा. भिंतीला टेका. हात द्या इकडे. काही बोलू नका, मी घड्याळ पाहून राहिलो... तुमचे ओठ असे काय झाले?

टिकाराम : किती?

लक्ष्मणराव : थांबा. पुन्हा मोजतो... शहाण्णव.

टिकाराम : किती म्हनले?

लक्ष्मणराव : शहाण्णव. शंभराला चार कमी. हा पाहा भिंतीवरचा कागद. एकशेचाळीसच्या वर अनफिट. तुम्ही त्याच्या जवळपासही नाही.

टिकाराम : असं कसं होईन? मी पळत आलो. मले दम नाही पुरून राहिला. छातीवर कोनी बसल्यावानी वाटते.

लक्ष्मणराव : दम लागला, ते मला दिसते. पण नाडी चढली नाही. मी तरी काय करू?

टिकाराम : तुमी मोजाले चुकले.

लक्ष्मणराव : दोनदा मोजली. बरं, पाणी घ्या. पंधरा मिनिटं बसा इथंच. मी तिकडच्या बाईचं ड्रेसिंग करून येतो, मग तिसऱ्यांदा मोजतो. म्हणजे तुमच्या मनात राहायला नको.

टिकाराम : मोजा.

लक्ष्मणराव : ...हं. द्या हात. आता कसं वाटते?

टिकाराम : तसंच.

लक्ष्मणराव : चौऱ्याण्णव. पाहा, म्हणजे आधीची बरोबरच होती. तुमची नाडी जागची हलतच नाही. चढतही नाही अन् उतरतही नाही. एकदम पक्की.

टिकाराम : साहेब, माह्या घरी चांद्या बैल आहे. म्हातारा. त्याले तुतारीची आर टोचा, शेपूट पिरगाळा, तो आपल्या चालीनंच चालते. पळत नाही. पळत नाही म्हून कोनी त्याले जवान म्हनते का?

लक्ष्मणराव : बैलाची गोष्ट वेगळी.

टिकाराम : वेगळी कशी?

लक्ष्मणराव : बैलासाठी कागद नसतो. हा कागद मोठ्या डॉक्टरांनी करून पाठवलेला आहे. नाडी जास्त म्हणजे दिल कमजोर, नाडी कमी म्हणजे दिल मजबूत. पहिलवानाची नाडी पाहा कधी. कमीच असते.

टिकाराम : मंग एक काम करा. शहान्नवचे एकशेपन्नास करा. एक आकडाच त बदलाचा आहे.

लक्ष्मणराव : नाही.

टिकाराम : अठरा वर्सांची वळख आहे आपली.

लक्ष्मणराव : ओळख आहे म्हणूनच सांगतो. बाबुलालचं काय झालं, ठाऊक आहे ना? मी त्याला अनफिट लिहिलं. पोराला जागा मिळाली. अन् पंधरा दिवसांत हा बुवा शंकरपटात, बैलांच्या शर्यतीत, छकड्यावर उभा राहून जोडी हाकलताना दिसला, सगळ्या खदानीसमोर. माझी नोकरी जाता जाता राहिली. तेव्हापासून डॉक्टरला ज्याची शंका येते त्याचा हात तो स्वतः धरतो. मी दीडशे लिहीन, तो मोजेल शहाण्णव. तुमचंही जाईल अन् माझंही.

टिकाराम : म्हनजे बाबुलालनं शर्यत जिंकली अन् मी हरलो.

लक्ष्मणराव : हरले कसे? अहो, लोक देवाजवळ मागतात असं दिल. चोपन्न वर्षांचे तुम्ही, नाल्यापासून पळत आले, स्टुलावर माझ्या चमच्याला मागं टाकलं, अन् नाडी शहाण्णव. माझी स्वतःची जिना चढलो तर सव्वाशे होते. टिकारामजी, तुमचं दिल पंचवीस वर्षांच्या पोराचं आहे. मनावर लिहून ठेवा.

टिकाराम : पंचवीस वर्साच्या?

लक्ष्मणराव : कागद सांगतो.

टिकाराम : मंग तो अंधार कशाचा येते?

लक्ष्मणराव : खाली हवा कोंदट. पोटात अन्न नाही. मनात भीती. एकदा माणसानं मनात घेतलं का आपण थकलो, तो तिसऱ्या टप्प्यावर थांबतोच. थांबू नका. दिल थांबत नाही तर तुम्ही कशाला थांबता?

टिकाराम : तुमी शिकलेले मानूस. तुमी म्हनता त असन.

लक्ष्मणराव : लिहू मग? फिट?

टिकाराम : लिहा. ...पंचवीस वर्साच्या पोराचं. रुखमाले सांगतो. हासन ती.

(अडीच महिन्यांनंतर. आंबागड. टिकारामच्या घराची पडवी. रुखमा बिड्या वळत बसली आहे.)

रुखमा : बाजीवर बसा, लक्ष्मणराव भाऊ. खाली पानं भिजवले आहेत, ओलं आहे. चहा मांडू का?

लक्ष्मणराव : नको, बाई. चहा नको. खुशाल नाही दिसत.

रुखमा : करडीले गेला, मामाले सांगाले. आता येईन सांजच्या मोटारनं. तुमच्या हातात तेच पत्र आहे का?

लक्ष्मणराव : हो. ऑफिसमधून मीच मागून घेतलं. टिकारामजी नोकरीवर असताना गेले, पंचावन्न भरायला पंचवीस दिवस बाकी होते, म्हणून जागा खुशालला. मंगळवारी सकाळी त्याचं मेडिकल आहे.

रुखमा : म्हनजे भेटली जागा. त्याईनं म्हटलं तशीच. ठेवा तिथं, त्या कोनाड्यात.

लक्ष्मणराव : बाई, पत्र पोस्टानंही आलं असतं. मी दुसरं सांगायला आलो.

रुखमा : सांगा.

लक्ष्मणराव : त्या दिवशी माझ्याकडून आल्यावर टिकारामजी घरी काय म्हणाले?

रुखमा : आंधी काही बोलले नाही. मोरीवर पाय धुतले. मंग म्हने, रुखमा, बुढी झाली तू, मी त पंचवीस वर्साचा आहे, कंपोंडरसाहेबानं लिहून देलं. मी हासली. खूब दिवसांनी हासली. त्याच्या आंधी हा मानूस वरसभर घरात मुका बसे, जेवल्याबरोबर आडवा पडे. मले वाटलं, माहा मानूस वापस आला.

लक्ष्मणराव : अन् मग?

रुखमा : मंग काय, साऱ्या गावाले सांगत सुटले. पानठेल्यावर सांगतलं. शिवरातीले म्हने, चाल गडावर. सहा वर्सं झाले होते गडावर गेल्याले. मी मांगं अन् ते पुढं. मधी एका दगडावर मी बसली, मले दम लागला. ते नाही बसले. उभेच राहिले, छाती धरून. मी म्हटलं, बसा ना जी. त हासत म्हने, दिल थांबत नाही त मी कायले थांबू?

लक्ष्मणराव : हे शब्द माझे आहेत, बाई.

रुखमा : असतील. त्याईचं असं नसे बोलनं.

लक्ष्मणराव : अन् त्या दिवशी, खदानीत?

रुखमा : इश्वर होता मांगं, त्यानं सांगतलं. म्हने, काका आजकाल तिसऱ्या टप्प्यावर थांबत नव्हते. पोट्ट्यांसंगं चढत, एखाद्याचं लाकूडबी खांद्यावर घेत. त्या दिवशी पाचव्यावर गेले अन् बसले. इश्वरले वाटलं मस्करी करतात. त्यानं म्हटलं, काका, जागा द्या. जागा काही देली नाही.

लक्ष्मणराव : दवाखान्यात आणलं तेव्हा मीच हात धरला होता. सवयीनं घड्याळ काढलं. मग खिशात ठेवलं.

रुखमा : तुमी काय सांगाले आले होते?

लक्ष्मणराव : मागच्या आठवड्यात औषधं आणायला नागपूरला गेलो होतो. तिथं मोठ्या दवाखान्यात हृदयाचे एक म्हातारे डॉक्टर आहेत. मी दोन तास बाहेर बाकावर बसलो अन् त्यांना विचारलं. म्हटलं, एक माणूस, चोपन्न वर्षांचा, पळत आला, तीन मिनिटं स्टुलावर चढला, ओठ निळे पडले, अन् नाडी शहाण्णव. हे दिल कसं? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, तो माणूस कुठं आहे?

रुखमा : मंग?

लक्ष्मणराव : म्हणाले, तरुण दिल मेहनतीला उसळी मारते. दीडशे, पावणेदोनशे, दोनशेपर्यंत जाते. मेहनत थांबली का दोन मिनिटांत खाली. वय वाढते तशी वरची हद्द दरवर्षी थोडी थोडी खाली येते. हे सगळ्यांचंच होते, माझंही, तुमचंही. म्हातारं दिल हळू चढते अन् उशिरा उतरते. पण चोपन्नच्या माणसाचंही एवढ्या मेहनतीला एकशेतीस-चाळीस तर व्हायलाच पाहिजे. शहाण्णववर अडून राहिलं, वरून ओठ निळे, म्हणजे ते मजबूत नाही. त्याच्यात चढायची ताकदच उरली नाही. पायाला रक्त पाहिजे चौपट, अन् हे देऊन राहिलं जेवढ्यास तेवढं.

रुखमा : अन् तो तुमचा कागद?

लक्ष्मणराव : कागद फक्त विचारतो, जास्त चढली का? अजिबात चढली नाही तर काय, हे त्याच्यावर लिहिलेलंच नाही. पंधरा मिनिटांनी मी पुन्हा मोजली होती, बाई. चौऱ्याण्णव. उतरलीही नव्हती. माझ्या डोळ्यासमोर होतं सगळं. अन् मी त्यांना म्हटलं, पक्की नाडी.

रुखमा : त्याईले समजलं होतं का?

लक्ष्मणराव : समजलं होतं. त्यांनी मला चांद्या बैलाचं सांगितलं. टोचलं तरी पळत नाही म्हणून त्याला कोणी जवान म्हणते का, असं विचारलं. मी म्हटलं, बैलाची गोष्ट वेगळी.

रुखमा : चांद्या तो पाहा, आंब्याखाली बांधला आहे. दोन वर्सं झाले, आमी त्याले जुंपत नाही. खुशालच्या बाबांनीच सोडला. म्हने, आता याच्यात काही राहिलं नाही, याले सुखानं खाऊ दे. बैलाचं आमाले पाहूनच समजलं. मानसाचं तुमाले मोजूनबी नाही समजलं.

लक्ष्मणराव : मला बोला, बाई. मी बोलणी खायलाच आलो.

रुखमा : बोलून काय करू? तुमाले माफ करावं का नाही, ते मले अजून उमजत नाही. कधी उमजलं त सांगीन. तुमी आले अन् खरं सांगतलं, एवढं ध्यानात ठेवीन. अन् ते शिवरातीच्या दिवशी गडावर हासत होते, तेबी ध्यानात आहे. तेबी तुमीच देलं होतं. दोनी एकाच हातानं देलं, आता मी कोनतं घेऊ?

लक्ष्मणराव : खुशालला हे सांगू?

रुखमा : नका सांगू. तो त आंधीच बापाचं नाव घेऊन जाऊन राहिला. म्हने, बाबा त्या जागेसाठी गेले, आता मी नाही गेलो त त्याईचा जीव फुकट गेला. मी रोज म्हनते, करडीचं धान काय वाईट आहे, मामा दोन घास देते ना? नाही आयकत.

लक्ष्मणराव : तुमची इच्छा नाही?

रुखमा : माही कधीच नव्हती. त्याईले वाटे, पोराच्या नावानं काही असावं. मले वाटे, पोरगं असावं. आमी दोघं याच्यावरून कधी भांडलो नाही, पन एकमेकाचं आयकलंबी नाही.

लक्ष्मणराव : तुम्ही हट्ट धरला तर थांबेल तो.

रुखमा : आईचं नाही आयकनार. कागदाचं आयकन. बापावरच गेला आहे. ...भाऊ, एक विचारू? जवान दिल उसळी मारते म्हनले तुमी. खुशालचं किती होईन स्टुलावर?

लक्ष्मणराव : त्याची काळजी करू नका. नवीन पोरगा, घाबरलेला, शंभरातल्या नव्वदांचं दीडशेच्या वर जाते. ते चांगलंच असते, आता मला कळलं. पण कागदावर ते अनफिट दिसते, म्हणून मी नव्या पोरांसाठी ठोका हळू ठेवतो. हळू चढले का एकशेवीसच्या आत येतात. खुशालसाठीही ठेवीन, अगदी हळू. टिकारामजींसाठी तेवढं तरी माझ्या हातून होऊ द्या.

रुखमा : अन् जोरात वाजवला त?

लक्ष्मणराव : तर अनफिट. अन् नव्या माणसाला दुसरी संधी नसते. जागा जाईल.

रुखमा : त्यात खोटं काही लिहा लागन का तुमाले?

लक्ष्मणराव : नाही. जो आकडा येईल तोच लिहीन. डॉक्टरनं स्वतः हात धरला तरी तोच येईल.

रुखमा : अन् पोराच्या दिलाले काही होनार नाही?

लक्ष्मणराव : काही नाही. दोन मिनिटांत खाली येईल. पण बाई, टिकारामजींनी ज्या जागेसाठी...

रुखमा : मालूम आहे मले कशासाठी.

लक्ष्मणराव : त्यांनीही मला त्या दिवशी हेच म्हटलं होतं. खोटं लिहायला सांगत नाही, चमचा तर तुमच्याच हातात आहे.

रुखमा : मोटार आली वाटते. ते पत्र द्या त्याच्या हातात, अन् मंगळवारी टायमावर ये म्हना. बाकी काही बोलू नका. ...अन् चमचा जोरात वाजवा, भाऊ.